आत नसलेली गाडी

मामाच्या वॉशिंग सेंटरवरचं ऑटोमॅटिक मशीन रविवारी सकाळीच अडलं. आत एकही गाडी नाही, बाहेर सहांची रांग, आणि लाल दिवा काही हिरवा होईना. "तू इंजिनिअर ना? बघ जरा." (मी ॲप बनवतो. पण हा फरक मामाला कोण सांगणार!)

पॅनल उघडलं. पीएलसीवर एक्झिटच्या सेन्सरचा दिवा बंद. एका खांबातून इन्फ्रारेड किरण निघून समोरच्या खांबावर पोचतो. मधे तुटला की मशीन समजतं, गाडी उभी आहे. इथे बोअरच्या पाण्याचे क्षार आणि शाम्पू सुकून काचेवर पांढरा थर बसलेला.

"सेन्सर बायपास कर, गिऱ्हाईक चाललंय."

आमच्या कोडमध्ये उत्तर आलं नाही, तरी आम्ही बरेचदा बिनधास्त पुढे जातो. इथे उत्तर नाही म्हणजे थांबा. मला हे फार आवडलं. बायपास केला असता, तर एक्झिटला गाडी उभी असतानाही मागच्याला हिरवा दिवा मिळाला असता. आणि मधे, डिकीची काच पुसत उभा असलेला पोरगा.

"नाही मामा."

पॉवर बंद करून ओल्या मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसल्या. तेवढ्यात दोन गाड्या निघून गेल्या. मामा दुपारपर्यंत बोलला नाही.