आमचे अश्वारोहण

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आम्ही अश्वारोहणास प्रारंभ केला असे सांगितले, तर आमची प्रकृती जाणणाऱ्या मित्रांस चिंता वाटेल. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. आमचा घोडा लाकडाचा असून तो जागचा हलत नाही. त्यास दाणावैरण लागत नाही. तो लाथ मारीत नाही. उलट स्वाराकडूनच लाथ खातो, आणि त्या लाथेवरच त्याचे सारे कार्य चालते.

या घोड्याची व आमची पहिली गाठ इंग्लंडात पडली. कन्या तिकडे नोकरीस असल्यामुळे आमचे जाणे झाले होते. रेडिंग येथील विद्यापीठाने १९५१ साली स्थापन केलेले ग्रामजीवनाचे एक संग्रहालय आहे; तेथे आम्ही हा प्राणी प्रथम पाहिला. इंग्रज कारागीर त्यास 'शेव्हिंग हॉर्स', म्हणजे लाकूड तासण्याचा घोडा, असे म्हणतात. लंडनच्या वायव्येस चिल्टर्न टेकड्यांवर बीच वृक्षांची राने आहेत. त्या रानांत 'बॉजर' या नावाने ओळखले जाणारे कारागीर हाय विकम गावच्या कारखान्यांसाठी खुर्च्यांचे पाय व आडव्या दांड्या तयार करीत. ओले लाकूड उभे फोडावयाचे, घोड्यावर बसून तासावयाचे आणि मग पायाने फिरविण्याच्या यंत्रावर कातावयाचे, असा त्यांचा क्रम असे. विसाव्या शतकाच्या मध्यास हा धंदा जवळजवळ नामशेष झाला.

घोड्याची रचना अगदी साधी आहे. चारपाच फूट लांबीचा एक अरुंद बाक. त्यावर पुढच्या बाजूस एक उतरती फळी. बाकाच्या खाचेतून वरखाली गेलेला एक दांडा. हा दांडा मध्यावर खुंटीने अडकविलेला असल्यामुळे झुलतो. त्याच्या वरच्या टोकास जड डोके व खालच्या टोकास पाय देण्याची आडवी पट्टी असते. बाकावर मांडी टाकून बसावे, लाकूड उतरत्या फळीवर ठेवावे व पट्टीवर पाय रेटावा, की डोके खाली येऊन लाकूड घट्ट धरते. मग दोन्ही टोकांस मुठी असलेला सुरा आपल्याकडे ओढीत तासू लागावे. गंमत अशी की, हात जितके जोराने ओढतात तितके पाय आपोआप जोराने रेटतात, आणि पकड त्या प्रमाणात आवळते. पाय सैल केला की लाकूड सुटते, फिरवून पुन्हा धरता येते.

हे सारे पाहून, कौतुक करून आम्ही स्वदेशी परतलो असतो व विसरूनही गेलो असतो. परंतु त्याच पावसाळ्यात वडिलांच्या खुर्चीची खालची दांडी मोडली, आणि वादळात परसातील सागाची एक सरळ फांदी पडली. तो साग वडिलांनीच लावलेला. योगायोगास मान द्यावा असे आमच्या मनाने घेतले.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. कार्लाइल आणि रस्किन यांचे श्रमप्रतिष्ठेवरील विचार आम्ही वर्गात तीस वर्षे शिकविले. रस्किनच्या 'अन्टू धिस लास्ट' या पुस्तकाने १९०४ साली गांधीजींचे जीवन कसे पालटले, हे सांगताना आमचा कंठही दाटून येत असे. पण त्या तीस वर्षांत आम्ही भिंतीत एक खिळासुद्धा स्वतः ठोकला नव्हता.

आमच्या आळीतील वृद्ध मिस्त्रींस बेत सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "सर, घोडा कशाला? देवानं पाय दिलेत की." आणि जमिनीवर बसून, लाकूड पायांच्या बोटांत धरून त्यांनी वाकसाने दोन सफाईदार घाव घातले. इंग्रजाने ज्यासाठी घोडा निर्माण केला, ते आमचा सुतार अनवाणी पायाने करीत आला आहे. तरीही त्यांनी आमची हौस पुरविली. मोटारीच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून सुरा करवून आणला आणि घोडा मात्र आम्हांस करू दिला.

घोडा उभा राहिला, पण पकड बसेना. पाय दुखेपर्यंत रेटले तरी लाकूड सुऱ्याबरोबर अंगावर येई. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि केवळ खुंटीवर बोट ठेवले. आम्ही खुंटी फार खाली घातली होती. तिच्यावर अकरा इंच दांडा, खाली दहा. ती वर नेऊन वर सहा व खाली पंधरा इंच केले, तशी पायाच्या जोराची अडीचपट पकड मिळू लागली. तरफेचा हा नियम आम्ही शाळेत पाठ केला होता. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते.

ओले लाकूड तासण्याचे सुख शब्दांत सांगणे कठीण. फोडलेल्या लाकडात तंतू अखंड राहतात. सुरा त्यांच्या मागोमाग जातो आणि लांब, ओलसर, सुवासिक ढलपी मांडीवर येऊन पडते. उलट दिशेने ओढले तर मात्र सुरा खोल रुततो. दांडी तयार झाल्यावर ती लगेच बसविण्याचा मोह आवरावा लागला. लाकूड वाळताना रुंदीत आकसते. ओली दांडी जुन्या पायात बसविली तर महिन्याभरात खुळखुळू लागावयाची. दिवाळीपर्यंत ती माळ्यावर वाळली, आणि मगच खुर्चीत गेली. ती किंचित वाकडी आहे.

लहानपणी मिस्त्रींच्या वडिलांच्या दुकानात आम्ही ढलप्या गोळा करीत बसत असू. एके दिवशी वडिलांनी हात धरून आम्हांस तेथून उठविले व म्हणाले, "आपल्याला का सुतारकी करायची आहे? अभ्यासाला बैस." त्यांनी ते प्रेमानेच सांगितले होते. पुन्हा त्या दुकानाची पायरी आम्ही चढलो नाही. काम पडले की मिस्त्रींसच घरी बोलावीत आलो.

खुर्ची पाहावयास मिस्त्री आले, तेव्हा ते घोड्यावर सहज बसले व बराच वेळ उठेनात. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते; जमिनीवर बसून काम करणे होत नव्हते, आणि हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. "यावर बसून जमेल, सर," ते हळूच म्हणाले.

घोडा आता त्यांच्या दुकानात असतो. रविवारी सकाळी आम्ही तेथे जातो. ते उठून आम्हांस तासभर जागा देतात, आणि आमचा सुरा उलटा जाऊ लागला की एक शब्दही न बोलता लाकूड फिरवून ठेवतात.