पाण्याचे गुणधर्म आणि मामांची बाग

परवा संध्याकाळी आमची लेक येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने पाठ करत होती. "युनिव्हर्सल सॉल्व्हंट, हाय स्पेसिफिक हीट, कोहेजन, अ‍ॅढेजन, आइस फ्लोट्स ऑन वॉटर..." अकरावीचं बायोलॉजी. नाशिक रोडला स्टेशनजवळ राहणाऱ्या माणसांचा आवाज आपोआप मोठा होतो, त्यामुळे सगळी यादी मला स्वयंपाकघरात ऐकू येत होती.

मी विचारलं, "हे बायोलॉजीत कशाला गं? हे तर फिजिक्स झालं."

"काय माहीत बाबा. नोट्समध्ये आहे. पाठ केलं की मार्क पक्के."

मला हसू आलं आणि जरा टोचलंही. कारण मीही अगदी हेच केलं होतं.

मी दहावीत होतो. संक्रांतीला निफाडजवळ मामांकडे गेलो होतो. बोर्डाची परीक्षा जवळ, म्हणून विज्ञानाचं पुस्तक बरोबर. 'पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असते' हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकलो असतो. जेवताना मामांनी कौतुकाने विचारलं, "काय शिकवतात रे आता?" मी म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं, मामा." ते नुसते हसले.

निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो उगाच नाही. त्या रात्री तीनच्या सुमाराला मामांनी मला उठवलं. बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे वर्षभराची मेहनत वेलीवर लटकत होती. बांधावर शेकोट्या पेटवल्या होत्या आणि मामा विहिरीवरची मोटर चालू करत होते.

मी कुडकुडत म्हणालो, "मामा, एवढ्या थंडीत पाणी? बाग अजून गारठेल ना!"

"पाटात हात घालून बघ," ते म्हणाले.

पाणी चक्क कोमट होतं.

"कोरडी जमीन लगेच गार पडते. ओली ऊब धरून ठेवते," एवढंच बोलून मामा पुढच्या सरीकडे गेले. खालच्या अंगाच्या चार ओळींपर्यंत पाणी पोचायच्या आत उजाडलं. तिथले मणी तडकले. बाकीची बाग वाचली.

उत्तर माझ्या वहीत होतं आणि प्रश्नही मीच विचारत होतो!

पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. त्यांना हलवायला खूप उष्णता लागते, म्हणून पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. एक ग्रॅम पाणी एका अंशाने निवताना एक कॅलरी सोडतं. तेवढीच कोरडी माती साधारण त्याच्या एक पंचमांश. ओल्या जमिनीत दिवसाची ऊब खोलवर मुरते आणि रात्री हळूहळू बाहेर येते. मामा बागेला पाणी नाही, ऊब पाजत होते.

आणि हे बायोलॉजीत कशाला, त्याचंही उत्तर तिथेच आहे. मणी काय, पान काय, आपण काय, सगळे बहुतांशी पाणीच. बाहेरचा पारा वरखाली झाला तरी पेशीतली रसायनं बिनबोभाट चालू राहतात, कारण भोवती हे सावकाश बदलणारं पाणी आहे. मुळापासून शेंड्याच्या पानापर्यंत पाणी चढतं तेही रेणूंनी एकमेकांचा हात सोडला नाही म्हणून. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, त्यामुळे एप्रिलच्या उन्हातही आपण तग धरतो. आणि हेच पाणी गोठलं की फुगतं, चार अंशांखाली त्याची तऱ्हाच उलटी. त्यामुळे बर्फ तरंगतो आणि थंड प्रदेशात तळ्यातले मासे बर्फाखाली जगतात. पण तेच पेशीच्या आत घडलं तर पेशी फाटते. यादीतले पाच मुद्दे वेगवेगळे नाहीतच, मुळाशी गोष्ट एकच आहे.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, मग तुम्ही मामांना सांगितलंत का, की ते करत होते ते तुमच्या पुस्तकात आहे?"

नाही सांगितलं. त्या प्रश्नाला बोर्डात मला पूर्ण मार्क मिळाले असतील, पण मामांना ती बातमी कधी दिलीच नाही. सातवी शिकलेला तो माणूस शेवटपर्यंत समजत होता की भाच्याचं पुस्तक म्हणजे काहीतरी फार मोठं आहे, आपल्या आवाक्याबाहेरचं. आता मामा नाहीत. बाग मामेभाऊ बघतो, ठिबकवर. कडाक्याची थंडी पडली की तोही पहाटे उठून पाणी सोडतो.

असो. येत्या संक्रांतीला लेकीला निफाडला न्यायचं ठरवलंय. नोट्स घरी ठेवून.