दापोडीतला पहिला हिवाळा

वसईहून पुण्याजवळच्या दापोडीत राहायला आलो ते ऐन पावसाळ्यात. मुळा-पवनेचं पात्र तुडुंब, सीएमई या लष्करी महाविद्यालयाच्या बाजूची झाडी धुऊन निघालेली, खिडकी मिटावीशीच वाटू नये अशी हवा. दिवाळी उरकली आणि सगळं पालटलं. आईला जुना दमा. वसईत महिनोन्महिने कपाटात पडून असणारा तिचा पंप इथे उशाशी आला. ‘घाटावरची थंडी सोसत नसेल,’ असं जो तो म्हणे. मला मात्र खिडकीच्या चौकटीवर बसणारा थर अस्वस्थ करत होता. ओल्या फडक्याने पुसलं की फडक्यावर काजळासारखा पट्टा उठायचा, आणि तो साबणानेही नीट निघायचा नाही. वसईत पुसताना रेती यायची. हे काही निराळंच होतं.

म्हणून मोबाइलवर हवेचा आकडा बघायला लागले, तर डोकं आणखीच चक्रावलं. एका ॲपवर १००, ‘समाधानकारक’, हिरवा रंग. त्याच क्षणी दुसऱ्यावर दीडशेच्या वर, लालभडक. खरं कुणाचं? बरीच शोधाशोध केल्यावर कळलं की दोन्ही खरे, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या. हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकी १५० ओलांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे आपलं ‘समाधानकारक’ त्या मर्यादेच्या चौपटीपर्यंत जातं. दमेकऱ्याच्या घरात त्या हिरव्या रंगावर विसंबून कसं चालेल?

त्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा. सकाळी घरासमोर धूर दाटलेला असला, तरी आकडा शांतच. पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेची ‘सफर’ यंत्रणा पुण्यात २०१३ पासून हवा मोजते, तिचं एक केंद्र भोसरीत आहे. पण दापोडीच्या हॅरिस पुलावर सिग्नलपाशी खोळंबलेल्या गाड्यांमागे उभं राहून आपण जो श्वास घेतो, तो भोसरीतल्या यंत्राला कुठून कळणार? म्हणून मी तासातासाचे आकडे बघायची सवय लावून घेतली.

शेजारच्या काकू मायेने सांगायच्या, “आईंना सकाळी सहाला फिरायला ने गं, तेव्हाची हवा ताजी असते.” आपण सगळेच हे लहानपणापासून ऐकत आलो. पण तासाचे आकडे उलटंच सांगत होते. सकाळी सात ते दहा सगळ्यात चढलेले, दुपारी दोन ते पाच उतरलेले, रात्री पुन्हा चढते. हे काही केल्या पटेना. शेवटी भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता आठवली. थंडीतल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवाही गारठते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. खालची जड हवा वर चढूच शकत नाही. गार हवा सखल भागात उतरते, नदीकाठी साचते. दापोडी तर दोन नद्यांच्या संगमावरच वसलेली. रात्रभरातला गाड्यांचा, शेकोट्यांचा, कचऱ्याचा धूर तिथेच कोंडून राहतो. नदीवरचं ज्याला आपण कौतुकाने धुकं म्हणतो, त्यात हे सगळं मिसळलेलं असतं. ऊन चढलं, जमीन तापली, की कुठे हवा वर-खाली खेळू लागते.

वसईत दुपार कलताना खारे वारे यायचे आणि साचलेलं काही आत लोटून न्यायचे. तिथली हवा निर्मळ होती असं नाही. मुंबईच्या परिसराने २०२२-२३ चा हिवाळा चांगलाच धुरकट काढला. पण समुद्र रोज थोडी तरी झाडलोट करायचा. इथे मध्ये सह्याद्री उभा.

आता आईचं फिरणं दुपारी चारला. आधी ती कुरकुरली, “या वेळेला कोण फिरतं?” म्हणून. डॉक्टरांनी मात्र वेळ बदलायला लगेच होकार दिला. पंप सुटला नाही, पण रात्री उठून बसणं पुष्कळ कमी झालं. माझ्यासाठी ते फार आहे.

वाहनं आणि कारखान्यांचा धूर माझ्या हातात नाही. पण पहाटे सोसायटीच्या फाटकाशी पेटणारा पालापाचोळा आपल्याच हातातला आहे. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्याही जळतात आणि तो धूर पहिल्या मजल्यावरच्या घरांत शिरतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठरवला. पण नुसता दंड सांगून, ऊब घ्यायला तो पाला पेटवणाऱ्या रात्रपाळीच्या वॉचमनची थंडी भागत नाही. त्याला सोसायटीने जाड स्वेटर, कानटोपी आणि बसायला बंद खोली द्यावी. पाल्यासाठी आवारात खतखड्डा करावा. आणि घरात दमेकरी, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर डिसेंबर-जानेवारीत त्यांना पहाटे फिरायला पाठवू नका; ऊन चांगलं तापू द्या.