एका फेकीत आंबा

डिस्क गोल्फ नावाचा खेळ आमच्या मुलुंडच्या वसाहतीत यंदा मे महिन्यात आला, तोही अमेरिकेहून आलेल्या भाच्याच्या बॅगेतून. तीन तबकड्या. आपल्या फ्रिस्बीपेक्षा लहान, पण कडा बारीक आणि हाताला चांगल्या जड. नियम गोल्फचेच. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत घालायची. पहिल्याच फेकीत गेली तर तिला म्हणायचं ‘एस’, आणि मग महिनाभर सगळ्यांना सांगत फिरायचं :-)

आता साखळ्या लावलेली ती टोपली मुलुंडात आणायची कुठून? पण एड हेडरिकने १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं तेव्हा तिथेही नुसते खांबच होते. त्याआधी तर लोक झाडं नि कचऱ्याचे डबे धरून खेळायचे. (हे गृहस्थ २००२ मध्ये गेले, आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. घ्या!) तेव्हा आम्हीही कोपऱ्यातला रायवळ आंबा निवडला. बुंध्यावरच्या गेरू-चुन्याच्या पट्ट्याला तबकडी लागली की झालं. गेटपासून पन्नास पावलं.

आणि मग वाद सुरू झाला, जायचं कुठून?

पत्ते वाटतो तशी उजव्या हाताने तबकडी फेकली की ती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, आणि वेग कमी झाला की डावीकडे कलते. भाच्याचा आग्रह याच वळणाचा. उजवीकडे भिंतीवरून, नाल्याच्या अंगाने सोडायची, ती आपसूक वळून आंब्याकडे येईल. दिसायला फार देखणी फेक! दुसरी वाट डावीकडून, पंपाच्या खोलीवरून, हात उलटा करून. म्हणजे शेवटी तबकडी उजवीकडे येते. आणि तिसरी सरळ. गुलमोहराच्या फांदीखालून, स्कूटरी आणि जिन्याच्या मधल्या फटीतून. फट जेमतेम दोन हात.

बाबा कठड्यावर बसून पाहत होते. वय ७४, आयुष्यभर कॅरम. त्यांचा पहिला प्रश्न : “चुकली तर कुठे जाईल?”

“नाल्यात, आजोबा.”

“मग नको.”

भाचा म्हणाला, “चुकायची भीती धरली तर एस कधीच लागणार नाही.” त्याचंही खरंच. आंब्याच्या अलीकडे हळूच टेकणारी तबकडी कितीही शहाणी असली तरी पहिल्या फेकीत लागत नाही.

मला मात्र सरळ वाटच बरी वाटते, आणि त्याला कारण आहे. वळणाच्या वाटेवर तबकडी आंब्याच्या रेषेत क्षणभरच येते. दिशा बरोबर हवी आणि अंतरही. सरळ वाटेवर दिशा साधली की जोर थोडा जास्त झाला तरी बुंधा मध्ये आहेच. (खऱ्या टोपलीत हे चालत नाही. फार जोरात गेलेली तबकडी साखळ्यांवर आपटून बाहेर पडते.) फक्त ती दोन हातांची फट...

बाबांनी तबकड्या हातात घेऊन बघितल्या आणि सगळ्यात बोथट कडेची उचलली. ती हळू फेकली तरी बराच वेळ सरळ जाते. धारदार कडेची मात्र जोर नसला की लगेच डावीकडे पडते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी त्यांची तबकडी फांदीखालून, फटीतून गेली आणि पट्ट्यावर ठक्क! भाचा नाचला. बाबा म्हणाले, “स्ट्रायकर जड असला की घाई करायची नाही.” एवढंच.

त्याच आठवड्यात झाडांवर नोटिसा लागल्या. आमची वसाहत पुनर्विकासाला गेली आहे, दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. झाडं तोडायला परवानगी लागते, आणि तो कायदाही १९७५ चाच, काय योग! गुलमोहर नव्या इमारतीच्या जागेतच येतो, त्याचं काही होणार नाही. आंबा मात्र कोपऱ्यात. तो तोडायचा कारण अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा हवी.

भाचा जूनमध्ये परत गेला. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी नकाशाची झेरॉक्स, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसतात. गाडी पंपाच्या खोलीकडून घेतली तर आंब्याला न लागता वळते का, हे बघतात. चार रेषा खोडल्या. पाचवी त्यांना पटली. सोसायटीच्या सभेत दाखवली तेव्हा निम्मे लोक घड्याळाकडे बघत होते, पण दोघांनी सही केली. तीन सह्यांची हरकत आणि त्याला जोडलेला नकाशा मी सोमवारी नेऊन दिला, पोच घेतली. भाच्याने फोनवर विचारलं, “कुठली लाइन, आजोबा?”

“डावीकडची,” बाबा म्हणाले, “तुझ्या नाल्याची नाही.”