ताठ बसून कामाला

आम्ही वरवंडहून पाटसमार्गे कुरकुंभ एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणारे सात-आठ जण. सायकलवर जातो. काळी, मागे कॅरिअर असलेली, हँडल वर आलेली सायकल, म्हणजे ताठ बसून चालवायची. तासभर लागतो. समोरून वारा असला तर जास्त.

वस्तीतली पोरं हसतात. "दादा, अजून सायकलच?" त्यांच्याकडे हप्त्यावरची मोटारसायकल असते. कंत्राट सुटलं की हप्ता थकतो आणि फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. पोरांना दोष देत नाही. सायकल म्हणजे गरिबी, हे त्यांना कंपनीच्या गेटनेच शिकवलं. आमच्या गेटच्या आत मोटारसायकलींना पत्र्याची शेड आहे, सायकली मात्र बाहेर तारेच्या कुंपणाला. एकाची सीट गेली, एकाची घंटी. विचारलं तर उत्तर आलं, "सायकलची जबाबदारी आमची नाही."

मित्रांनो, वाहनाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावाची आणि भावंडांची जात कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असं ठरलं. १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होते, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. तरी चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी चालणं वस्तीतल्या लोकांना मानवेना, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातल्याच एका न शिकलेल्या माणसाने तो हाकला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. पदवी असून उपयोग झाला नाही, कारण लगाम दुसऱ्याच्या हातात होता.

सायकलला गाडीवान लागत नाही. लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही. मान्यवर कांशीराम साहेब आपल्याच पुण्यात, खडकीच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते. बाबासाहेब आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या तेव्हा दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या लढ्यात ते उतरले, तिथून पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्याच साहेबांनी १९८३ साली डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना सायकलवर बसवून राज्याराज्यांतून फिरवलं. पैसा नव्हता, म्हणून प्रचार थांबला नाही. तेव्हा त्या सायकलीला कुणी हसलं असेलही.

पण म्हणून सायकलचे गोडवे गाऊन आम्ही थांबणार नाही. पुण्यात हौसेने सायकल चालवणाऱ्याला हेल्मेट, ट्रॅक आणि कौतुक मिळतं. आम्हाला सर्व्हिस रोड जिथे संपतो तिथे थेट सोलापूर हायवेच्या कडेला उतरावं लागतं. ऊसतोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागच्या हंगामात आमच्यातला एक जण अशाच ट्रॉलीला घासून चारीत पडला. आठ दिवस घरी बसला, आठ दिवसांची हजेरी गेली. कंत्राटी माणसाला रजा कुठली? (त्याची सायकल मात्र तारेने बांधून दुसऱ्याच दिवशी चालू झाली.)

तेव्हा भावांनो, मोटारसायकल घ्यायची तर जरूर घ्या, पण लाजेपोटी कर्ज काढू नका. आमच्या मागण्या दोनच आहेत: गेटच्या आत सायकलला शेड, आणि पाटसच्या पुढे रस्त्याच्या कडेला सायकलपुरती सलग, दिव्याची जागा. शेडचा अर्ज अकरा सह्यांनिशी ठेकेदाराकडे दिलाय. त्यातल्या चार सह्या मोटारसायकलवाल्यांच्या आहेत. उत्तर अजून नाही, आणि पावसाळा तोंडावर आलाय.

जय भीम.