ताप उतरल्यानंतर

म्हातारं माणूस तापानं आजारी पडलं की घरादाराचे डोळे थर्मामीटरवर आणि ऑक्सिमीटरवर. शुगर, बीपी आपल्याला तोंडपाठ असतं. आजाराच्या आदल्या आठवड्यात ते माणूस आपलं आपण संडासला जात होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

तो विचारायची सोय जुनीच आहे. अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा गोष्टींवरून स्वावलंबन मोजलं: आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. यातलं किती आधीच सुटलंय, त्यावर पुढचं बरंच ठरतं. कोविडनंही तेच दाखवलं. वय सारखं असूनही परावलंबी माणसं जास्त दगावली.

आमच्या आत्याला फ्लू झाला तेव्हा ती आधीपासून वॉकरवर होती, आंघोळीला माणूस लागायचं. तहान लागली तरी हाक मारायचा संकोच. ओठांना पापुद्रे धरले तेव्हा आमच्या लक्षात आलं. निजल्या निजल्या चमच्यानं पाजलेल्या पाण्याचा ठसका लागायचा, आणि खोकून कफ काढायची ताकद नव्हती. ताप उतरला, पण छाती भरली. तिच्याच वयाच्या शेजारच्या काकू त्याच साथीतून उठून आठवड्याभरात ओट्याशी उभ्या राहिल्या.

आणि आपली सेवा! पडून राहा, उठू नका, मी भरवते. चार माणसांत कौतुक होतं, म्हणून तर ती आणखी वाढते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं. त्यांना साधी सर्दीही नव्हती. मग जो मुळातच धरून धरून चालतो, त्याच्याकडे झडायला उरतं किती? तो आजारातून उठतो तो डायपर लावून, आणि आपण म्हणतो, वय झालं.

घरात असं कुणी असेल तर फ्लूची लस दरवर्षी द्या. पाणी मागायची वाट पाहू नका, बसवून पाजा. आणि ताप उतरला की डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी खुर्चीत बसवा.