शब्द कोणाला उद्देशून?



काही वर्षांपूर्वी एका रविवारच्या संपर्कसत्रात मी मराठी म्हणी शिकवत होते. समाजातील उच्चनीचता भाषेत कशी मुरते, हे दाखवण्यासाठी मी एक जुनी म्हण फळ्यावर लिहिली. तिच्यात एका जातीचे नाव होते आणि त्या जातीविषयीची तुच्छताही होती. पहिल्या रांगेतील चाळिशीच्या एका विद्यार्थ्याने पेन खाली ठेवले. सत्र संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ही म्हण मला नवी नाही. शाळेत माझ्याकडे बघूनच म्हणायचे." मी उत्तर दिले, "मी ती केवळ उदाहरण म्हणून दिली होती."

शास्त्रदृष्ट्या माझे उत्तर चुकीचे नव्हते. शब्द वापरणे वेगळे आणि शब्दाचा उल्लेख करणे वेगळे. कोशात शिवी नोंदवणारा कोशकार कोणाला शिवी देत नसतो. तरीही घरी परतताना ते उत्तर मला अपुरे वाटू लागले. द्वेषमूलक भाषणावर कायद्याचे नियंत्रण असावे की तेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, या प्रश्नाचा विचार मी तेव्हापासून त्या वर्गाला वगळून करू शकलेले नाही.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला दिली आहे. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण त्यात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यापासून, तात्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या हेतूने दिलेली आणि तसे घडण्याची शक्यता असलेली चिथावणीच काय ती दंडनीय ठरते; केवळ द्वेष व्यक्त करणे हा तेथे गुन्हा नाही. आपला मार्ग निराळा आहे. समूहांमध्ये वैर वाढवणाऱ्या भाषणाविरुद्धचे कलम १५३-अ हे १८९८ मध्ये, तर धार्मिक भावनांच्या हेतुपुरस्सर अवमानाविरुद्धचे कलम २९५-अ हे १९२७ मध्ये दंड संहितेत आले. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे १९६ आणि २९९ या कलमांनी घेतली आहे.

अशा कायद्याचा धोका महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकावरून वाद पेटला आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत नासधूस झाली. पुस्तकातील मजकुराने अनेकांना मनापासून दुःख झाले होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुस्तकाचे लेखक आणि प्रकाशक यांच्यावरही १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वैर वाढवण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे आणि लेखन समग्र वाचले पाहिजे, सुटी वाक्ये उचलून चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुस्तकावरील बंदी उठवण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णयही २०१० मध्ये कायम झाला. 'भावना दुखावल्या' एवढ्यावर गुन्हा ठरू लागला, तर ज्यांची संख्या मोठी आणि आवाज मोठा, त्यांच्याच भावनांना कायद्याचे संरक्षण मिळेल. फळ्यासमोर पेन खाली ठेवणाऱ्या एकट्या माणसाच्या भावना कोणी मोजणार नाही.

मग कायदाच नको का? तसे मला वाटत नाही. १९८९ चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. अपमानाविषयीच्या तरतुदीत तो कायदा शब्दांची यादी देत नाही. बोलणारा त्या समाजाबाहेरचा आहे का, त्याचा हेतू पाणउतारा करण्याचा होता का, आणि हे लोकांना दिसेल अशा ठिकाणी घडले का, असे प्रश्न तो विचारतो. भाषाविज्ञान ज्याला संदर्भ म्हणते, तो हाच. बोलणे ही कृती असते, असे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले. वचन देणे ही जशी कृती, तशी चारचौघांत एखाद्याला 'तुझी जागा तिथे' असे बजावणे हीसुद्धा कृतीच आहे. तिने त्या माणसाचे सार्वजनिक जीवनातील स्थान हिरावले जाते. कायद्याने हात घालावा तो या कृतीला आणि हिंसेच्या चिथावणीला. मत कितीही बोचरे असो, इतिहासाची मांडणी कितीही अप्रिय असो, तिला उत्तर लेखणीनेच द्यावे.

या कसोटीवर माझी म्हण गुन्हा ठरत नाही. हेतू नव्हता, लक्ष्यही कोणी नव्हते. पण 'गुन्हा नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही, हे मला त्या रविवारी उमगले. ती म्हण आजवर कोण म्हणत आले आणि कोण ऐकत आले, हे सांगितल्याशिवाय मी ती फळ्यावर लिहिली, ही माझी चूक होती. कायद्याचा हात जिथे पोहोचत नाही आणि पोहोचूही नये, तिथे बोलणाऱ्याची जबाबदारी सुरू होते.

त्या म्हणी मी आजही शिकवते. त्या गाळल्या तर भाषेने काय केले याचा पुरावाच नाहीसा होईल. मात्र आता म्हण लिहिण्याआधी, ती कोणाला उद्देशून म्हटली जात असे, हे सांगते.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहात. बोलले गेलेले आणि ऐकून घ्यावे लागलेले शब्द तुमच्यापाशी पुष्कळ असतील. त्यांतील एक निवडा. तो कोणी, कोणाला, कोठे, कशासाठी म्हटला आणि त्यानंतर काय घडले, हे वहीत लिहा. त्याला कायद्याने शिक्षा असावी की नसावी, याचा निर्णय त्यानंतर करा.